हरण्याचं डावं शिंग

मित्रांनो, मी एक जुना बैल आहे आणि माझ्या डोक्यावर एकच शिंग आहे. नवा पाहुणा वस्तीवर आला की त्याची नजर आधी उजव्या शिंगावर जाते, मग डावीकडच्या रिकाम्या जागेवर. मग तो हळूच धन्याला विचारतो, "मोडलं का हो?" माझा धनी, पुंजा त्याचं नाव, "नाय, काढलं" एवढंच म्हणतो आणि कांद्याचा भाव काय निघाला ते विचारत बसतो. तो सांगत नाही म्हणून मी सांगतो. धन्याची चहाडी करतोय असं समजू नका. त्याच्यावर माझा जीव आहे, आणि त्याचा माझ्यावर किती होता तेच तर सांगायचं आहे.

लासलगावापासून दोन कोसांवर आमची वस्ती. बहात्तरच्या दुष्काळात आजूबाजूच्या पुष्कळ लोकांनी गुरं सोडून दिली, पण पुंजाची बायको लंकाबाई हट्टाला पेटली. तिनं माझ्या आईला कुठून कुठून उसाचं वाढं आणून घातलं आणि जगवलं. पुढच्या वर्षी मी जन्मलो. उभा राहिलो तेव्हा म्हणे माझे पाय काटक्यांसारखे होते. पण महिन्याभरात मी अशा उड्या मारायला लागलो की लंकाबाईनं माझं नाव हरण्या ठेवलं. मी तिच्या हातचं खाऊन मोठा झालो. ती भाकरी थापायला बसली की मी चुलीजवळच्या दारात जाऊन उभा राहायचो, आणि पहिली भाकरी मला मिळायची. पुंजा म्हणायचा, "आधी बैलाला, मंग धन्याला. लय चांगलं चाललंय." पण त्यालाही ते आवडायचं.

तीन वर्षांचा झालो आणि मानेवर जू आलं. जोडीला गुलब्या आला, मालेगावच्या बाजारातून. गुलब्या शांत, थोडा आळशी, खाण्याच्या बाबतीत मात्र फार तत्पर. त्याच वर्षी माझा खांदा आला. जू नवं होतं, आतून खडबडीत होतं, त्यानं घासून खांदा सुजला आणि फुटला. लंकाबाईनं पंधरा दिवस जू लावू दिलं नाही. रोज हळद आणि लोणी चोळलं. हळूहळू खड्डा भरला, वर कातडी धरली, केसही आले. आज तुम्ही शोधलात तरी ती जागा सापडणार नाही. मला तेव्हा वाटलं, हा हळदीचा प्रताप. खरा प्रताप कुणाचा होता ते पुढे एका डॉक्टरनं सांगितलं.

आता शिंगांकडे येतो.

माझी शिंगं उपजतच देखणी होती. मागे जाऊन वर वळलेली, दोन्ही अगदी जोडीनं. आणि पुंजाला एक हौस होती, शिंगं साळायची. पोळ्याच्या आधी बैलाची शिंगं तासून गुळगुळीत करतात, तेल लावतात, रंगवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. पण पुंजाचा हात काही वेगळाच होता. तो आधी कानस घ्यायचा, मग फुटक्या बाटलीची काच, मग वाळूचा कागद, आणि शेवटी करडईचं तेल लावून तळहातानं इतका वेळ चोळायचा की लंकाबाई ओरडायची, "शिंगात तोंड बघायचंय का तुम्हाला?" आसपासच्या चार गावांतले लोक आपले बैल घेऊन त्याच्याकडे यायचे. तो कुणाला नाही म्हणायचा नाही आणि कुणाकडून काही घ्यायचाही नाही. चहा मात्र प्यायचा.

दुसऱ्यांच्या बैलांना वर्षातून एकदा. मला मात्र तीनदा, कधी चारदा. पोळ्याला तर झालंच, शिवाय यात्रेला, शिवाय कांद्याच्या हंगामाआधी. लासलगावच्या मार्केटात गाड्यांची रांग लागायची, आणि व्यापारी कांदा बघायच्या आधी माझी शिंगं बघायचे. "कुणाचा हो हा बैल?" असं कुणी विचारलं की पुंजा मुद्दाम दुसरीकडे बघत उभा राहायचा, म्हणजे दुसरं कुणीतरी "पुंजाचा" असं सांगेल. मला ते कळायचं. मीही मान जरा उंच धरायचो. स्तुती कुणाला आवडत नाही?

काच चालताना कधी कधी खोल लागायची. शिंगाला जाणीव नसते असं लोक समजतात. वरच्या टोकाला नसतेच. पण बुडाशी, जिथे शिंग डोक्यातून निघतं, तिथे आत नाजूक कातडीसारखा थर असतो, आणि त्याला सगळं कळतं. लागलं की मी पाय आपटायचो. पुंजा हळद दाबायचा, कपाळाला कपाळ लावायचा आणि म्हणायचा, "झालं रे राजा, एवढंच राह्यलं." मग मी उभा राहायचो. तो म्हणतो ना, मग राहायचं. अशी सात-आठ वर्षं गेली आणि ती सुखाची होती.

चौऱ्याऐंशी साली पोळा झाला आणि दिवाळीनंतर माझं डोकं जड व्हायला लागलं. डाव्या शिंगात आत काहीतरी ठणकायचं. मी डोकं झटकायचो, गोठ्याच्या मेढीला शिंग घासायचो. लंकाबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. "चार गावांच्या नजरा लागल्यात," ती म्हणाली. ठणका थांबेना, तेव्हा मी मान डावीकडे कलती धरायला लागलो. तशी धरली की जरा बरं वाटायचं.

आता पुंजाची चूक ऐका. दुसऱ्या कुठल्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. त्यानं माझी कलती मान दुरून बघितली, एक डोळा मिटला, पुन्हा बघितली आणि म्हणाला, "डावं शिंग वजनाला जास्त झालंय. साळताना माझ्या हातानं कमी-जास्त झालं." त्याला वाटलं, ओझं एकीकडे झालंय म्हणून मान झुकते. मग त्यानं कानस आणि काच घेतली आणि डावं शिंग आणखी साळलं. मान सरळ होईना म्हणून चार दिवसांनी परत साळलं. बुडापासून साळलं. मी उभा राहिलो, कारण तो म्हणाला, "एवढंच राह्यलं." मित्रांनो, मी जर त्या दिवशी त्याला एक लाथ घातली असती तर बरं झालं असतं. पण ते मला सुचलं नाही.

आठवड्यात डाव्या नाकपुडीतून रक्त आलं. शिंग बुडाशी हलायला लागलं आणि घाण वास सुटला. पुंजानं कानस वळचणीला टाकली आणि जनावरांच्या दवाखान्याकडे सायकल मारली.

दवाखान्यात पगारे नावाचे डॉक्टर नवीन आले होते. सहादू पगारे. अंगानं किरकोळ, बोलायला सावकाश. ते आले तेव्हा लंकाबाईचा धाकटा भाऊ गोटीराम आमच्याकडे आलेला होता. त्यानं डॉक्टरांना नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गाव विचारलं आणि मग गप्प बसला. लंकाबाईनं एकदा भावाकडे बघितलं आणि घरात ज्या पितळी पेल्यांतून सगळे पितात त्यातल्याच एका पेल्यात डॉक्टरांना चहा आणून दिला.

डॉक्टरांनी माझ्या उजव्या शिंगावर बोटानं टकटक केलं. पोकळ आवाज आला. डाव्यावर केलं. भरलेल्या मडक्यासारखा भद्द आवाज आला. त्यांनी दोन-तीनदा करून बघितलं आणि मग माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "पुंजाभाऊ, शिंगाचा कॅन्सर आहे. शिंग बुडापासून काढावं लागेल. काढलं तर जगेलही. नाही काढलं तर चार-सहा महिने, आणि तेही हालात."

डॉक्टर गेल्यावर गोटीराम बोलला. "दाजी, येत्या बाजाराला न्या. शिंगाला रंग मारा, बुडाशी गोंडा बांधा, नाक पुसा. गिऱ्हाईकाला काय कळतंय? हितं कापून एकशिंग्या करून ठेवला तर कोण घेईल?"

"घेणारा त्याला घरीच नेईल ना," लंकाबाई म्हणाली. "त्याचं बी घर हे, त्याला फसवायचं?"

मला वाईट वाटलं ते गोटीरामचं नाही, कारण गोटीराम तसाच आहे. पुंजा दुसऱ्या दिवशी सकाळी उठला, माझ्या शिंगाला खरोखर हिंगूळ लावला, गोंडा बांधला आणि माझा कासरा धरून बाजाराच्या वाटेला लागला, याचं वाईट वाटलं. गुलब्या गव्हाणीतून मान काढून बघत राहिला. सडकेपर्यंत आम्ही गेलो. पुंजा माझ्याकडे बघत नव्हता. सडकेवर आलो आणि मला राहवलं नाही, मी डोकं झटकलं. नाकातलं रक्त त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडालं. तो उभा राहिला. सदऱ्याकडे बघितलं. मग धोतराच्या सोग्यानं त्यानं आधी माझं नाक पुसलं, मग गोंडा सोडला, आणि आम्ही परत फिरलो. घरी आल्यावर तो लंकाबाईला एवढंच म्हणाला, "डॉक्टरला सांगावा धाड."

डॉक्टर आले ते लगेच करवत घेऊन नाही आले. गव्हाणीच्या कडेला बसले आणि म्हणाले, काय विचारायचं ते आधी विचारा. पुंजानं विचारलं, "हे आलं कुठून? खाण्यातून?"

मी कान टवकारले. माझ्याच डोक्याची गोष्ट होती.

"अंग म्हणजे बारीक बारीक जिवांची वस्ती असते," डॉक्टर म्हणाले. "त्यांना पेशी म्हणतात. आपल्याला वाटतं, पेशीला खायला-प्यायला मिळालं की ती जगते. तसं नाही. तिला आजूबाजूच्या पेशींकडून सारखा निरोप यावा लागतो, की बाई, जग, तुझं काम आहे. त्या निरोपाचा एक रस असतो. ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्याला. पेशीच्या अंगावर तो रस धरणाऱ्या मुठी असतात. मुठीत रस सापडला की आत हुकूम जातो, जग, आणि गरज असेल तर वाढ. आणि निरोप यायचा थांबला, तर पुढ्यात अन्न असूनही पेशी आपली आपण मरते. तिला कुणी मारावं लागत नाही."

लंकाबाई तांदूळ निवडत ऐकत होती. तिनं हात थांबवला. "म्हंजे पंगतीसारखं झालं," ती म्हणाली. "वाढपी घ्या, घ्या म्हणतो तवर माणूस बसतं. आग्रह थांबला की पत्रावळ उचलून उठतं. पत्रावळीत काही राह्यलं असलं तरी उठतं."

डॉक्टर हसले. "वहिनी, हे समजायला मला कॉलेजात एक वर्ष लागलं होतं. बरोबर तसंच. आणि कॅन्सरची पेशी म्हणजे जिनं वाढप्याच्या हातातली पळी काढून घेतली. स्वतःच स्वतःला आग्रह करते, स्वतःच वाढून घेते. काही पेशी तो रस स्वतःच करायला लागतात. काहींची मूठच बिघडते, रस नसतानाही आत हुकूम जात राहतो. शास्त्रज्ञांना हे आत्ता कुठे दोन-चार वर्षांत उमगायला लागलंय. हरण्याच्या शिंगात नेमकं काय बिघडलं ते मी इथं बसून सांगू शकणार नाही. पण तऱ्हा ही अशी."

"मंग तो रसच बंद करायचं औषध द्या," पुंजा म्हणाला.

"त्याचा खांदा आला होता म्हणालात ना मघाशी? तो कशानं भरला?"

"हळदीनं," लंकाबाई म्हणाली.

"हळदीनं जखम स्वच्छ राहिली. भरली ती त्याच निरोपानं. जखम झाली की अंग काठावरच्या पेशींना बोलावतं, या, बसा, आज पंगत मोठी आहे. आपण सगळ्या अंगाचा निरोप बंद केला, तर कॅन्सरच्या आधी हरण्याच जाईल. चांगल्या पेशी त्या निरोपावर जगतात आणि वाईटही त्याच निरोपावर जगतात. म्हणून आज आपल्या हातात आहे ती करवत."

मी हे ऐकलं आणि मला आपल्या अंगाचं मोठं नवल वाटलं. इतकी वर्षं मी गाडी ओढत होतो आणि माझ्या आत कोट्यवधी जण एकमेकांना जग, जग म्हणत होते. मला त्याचा पत्ताही नव्हता.

मार्गशीर्षात एका सकाळी कडुनिंबाखाली मला पाडलं. शिंगाच्या बुडाशी सुई टोचली, तेवढीच दुखली. पुढे तारेची करवत चालली तिचा नुसता आवाज ऐकू येत होता. डोकं पुंजानं धरलं होतं. शिंग सुटलं तेव्हा त्यानं तिकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी आतला एक तुकडा बाटलीत घालून नाशिकला तपासायला पाठवला. कागद आला तो त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच आला.

राहिला तो एक खड्डा. डोक्याला भोक, आणि शिंगाची पोकळी आतून नाकाशी जोडलेली असते म्हणून त्यातून माझा श्वास आत-बाहेर करायचा. डॉक्टरांनी लंकाबाईला औषधाचं पाणी कसं घालायचं, जाळीदार कापड कसं भरायचं, माशी कशी बसू द्यायची नाही, सगळं दाखवलं. जाताना ते म्हणाले, "आता नीट ऐका. या खड्ड्यात नवं मांस भरायला लागेल. लाल, दाणेदार. ते जखमेचं असेल तर उत्तम. पण एखादी वाईट पेशी आत राहिली असेल, तर तीही वाढेल, आणि तीही लालच दिसेल. सुरुवातीला मलाही फरक सांगता येणार नाही."

"मंग कळायचं कसं?" पुंजानं विचारलं.

"जखमेचं मांस काठाला आलं की त्याला येणारा निरोप कमी होतो आणि ते थांबतं. ते दुसरं थांबत नाही. काठावरून वर येतं. काठाला पोचेपर्यंत वाट बघायची, दुसरा उपाय नाही."

वाट बघणं पुंजाच्या स्वभावात नव्हतं. काही बिघडलं की लगेच हत्यार घ्यायचं, ही त्याची रीत. लंकाबाई मात्र शांतपणे रोज करंगळी धुऊन खड्ड्यात घालून बघायची. पहिल्या दिवशी अख्खी करंगळी गेली. संक्रांतीला दोन पेरं. पुढच्या आठवड्यात दीड. ती कुणाला काही सांगायची नाही, पण चेहऱ्यावरून मला कळायचं. गुलब्याला तेव्हा शेजारच्या बैलाबरोबर जुंपत होते आणि तो संध्याकाळी येऊन माझ्या अंगाला अंग लावून उभा राहायचा. येणारे-जाणारे मात्र वास येतो म्हणून लांबून जायचे. पूर्वी हेच लोक माझ्यासाठी थांबायचे. मी रागावलो नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

एक पेर उरलं आणि मांस भराभर वर यायला लागलं. लालभडक, ओलं, बोट लागलं की रक्त यायचं. गोटीराम पुन्हा आला होता. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "दाजी, हे परत आलंय. तो डॉक्टर काल आला न् उद्या बदलून जाईल. तुम्ही डाग द्या. माझ्या बापानं असे बैल डाग देऊन बरे केलेत."

डाग देणं म्हणजे लोखंड लाल करून जखमेवर टेकवायचं. आमच्याकडे जनावराला काहीही झालं की हे औषध असतंच. पुंजा उठला, चुलीत सळई घातली आणि ती लाल झाल्यावर फडक्यात धरून माझ्याकडे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कपाळाला कपाळ लावलं आणि म्हणाला, "एवढंच राह्यलं, राजा." मी उभा राहिलो. मी उभाच राहणार होतो.

लंकाबाई मध्ये आली. तिच्या हातात शेणाची पाटी होती, ती तिनं तशीच खाली टाकली.

"काठाला आलंय का ते?" तिनं विचारलं.

"येईल आता. बघ ना कसं फोफावलंय," पुंजा म्हणाला.

"आलंय का?"

"नाय."

"मंग ते थांबणार नाय हे तुम्हाला कुणी सांगितलं? थांबायची जागा त्याला अजून सापडलीच नाय." मग ती भावाकडे वळली. "आणि गोटीराम, बापानं किती बैल बरे केले ते मला ठाव हे. मी थोरली हे तुझ्यापेक्षा. मेलेले बी मीच मोजलेत."

सळई पुंजाच्या हातात गार होत चालली होती. तो म्हणाला, "लंके, आन् खरंच परत आलं असलं तर?"

"तर डॉक्टर हे, करवत हे. पण ते माझ्या हरण्याला जगवायला आलं असलं, आन् तुम्ही त्यालाच जाळलं, तर मंग कुणाला बोलवायचं?"

पुंजानं सळई पाण्याच्या डोणीत टाकली. चर्र झालं आणि गुलब्या दचकून मागे सरला. पुंजा तिथेच गव्हाणीला टेकून खाली बसला. मित्रांनो, त्या माणसानं आयुष्यात हातातलं हत्यार काम न करता खाली ठेवलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आणखी नऊ दिवसांनी मांस काठाला आलं. आता करंगळीचं काम संपलं. लंकाबाईनं खराट्याची एक सरळ काडी तोडली, धुतली आणि जखमेवर या काठापासून त्या काठापर्यंत आडवी ठेवली. मांस काठाच्या वर आलं तर काडी मधोमध टेकून हलेल, नाही आलं तर दोन्ही काठांवर स्थिर बसेल. एवढी साधी गोष्ट. पण रोज सकाळी ती काडी ठेवली जायची तेव्हा पुंजा गोठ्याच्या बाहेर जाऊन उभा राहायचा. त्याला बघवायचं नाही. "काय?" तो बाहेरूनच विचारायचा. "बसली," ती म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा "काय?" आणि "बसली." असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी लंकाबाई म्हणाली, "आत येऊन बघा की. कातडी धरलीय कडेनं."

तो आत आला. काडी त्यानं स्वतः ठेवली. बोटानं हलवून बघितली. हलली नाही. "थांबलं," तो म्हणाला, आणि माझ्या गळ्यात हात टाकून लहान पोरासारखा रडला. मीही त्याची मान चाटली. सगळी खारट झाली होती.

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, पाठ थोपटली, माझी नव्हे, लंकाबाईच्या कामाची. ते निघाले तेव्हा पुंजा त्यांच्या मोटारसायकलपर्यंत गेला. गोठा जवळच होता, मला ऐकू आलं.

"डॉक्टरसाहेब, हे माझ्या हातानं झालं का? साळण्यानं?"

खोटं बोलून त्याला बरं वाटवणं सोपं होतं. "नक्की कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "न साळलेल्या बैलांनाही होतो. पण दर वेळी लागलं की दर वेळी अंग पेशींना बोलावतं, वाढा, भरा. वर्षानुवर्षं बोलावत राहिलं की एखादी बिघडायची भीती वाढते. म्हणून इथून पुढे साळू नका, एवढं मी सांगेन."

पुंजानं मान हलवली. त्या दुपारी तो जेवायला उठला नाही. लंकाबाईनं आग्रह केला नाही, भाकरी झाकून ठेवली. तिसऱ्या प्रहरी तो आपणहून उठून जेवला.

त्या वर्षी पोळ्याच्या दोन दिवस आधी गोटीराम आपली नवी जोडी घेऊन आला. चार वर्षांचे खोंड, शिंगं नुकती वळायला लागलेली. "दाजी, तुमच्यासारखा हात कुणाचा नाय," तो म्हणाला. "गावात नाव झालं पायजे असं साळून द्या. माझा लय जीव हे यांच्यावर." आणि ते खरं होतं. गोटीराम कसाही असला तरी त्या खोंडांना तो आपल्या टॉवेलनं पुसत होता.

पुंजानं त्याला नाही म्हटलं नाही. त्यानं गोटीरामचा हात धरला, माझ्याजवळ आणला आणि माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूवर ठेवला. तिथे आता हाड नाही. नुसती कातडी आहे, केस आलेली, आणि मी श्वास घेतला की ती किंचित वर-खाली होते.

"हलतंय," गोटीराम म्हणाला. त्यानं हात काढायला बघितला, पण पुंजानं तो धरून ठेवला.

"हे मी केलं, गोटीराम," पुंजा म्हणाला. "लय जीव लावून केलं."

गोटीरामनं दोन्ही खोंडांचे कासरे सोडले आणि न साळताच त्यांना घेऊन गेला. पुंजा त्यांच्या पाठमोऱ्या शिंगांकडे बघत राहिला. खडबडीत होती, एक जरा पुढे, एक जरा मागे.

मित्रांनो, माझ्या धन्याला मी दोष देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका. ज्याचा आमच्यावर जीव नाही त्याच्या हातून अशी चूक होतच नाही. आमच्यावर माया करा, भरपूर करा, आम्ही तिच्यावरच जगतो. फक्त जनावर मान कलती करून उभं राहिलं तर हत्यार उचलू नका. जरा वेळ नुसते त्याच्याकडे बघत उभे राहा.